टाका, रंग आणि माणसं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात माझ्या कामाबद्दल छापून आलं आणि संपादकांकडे पत्रांचा गठ्ठा जमला. मी वाईला राहते. जुन्या सुती कापडांना झाडपाल्याचे रंग देते आणि त्यांच्या गोधड्या शिवते, काही अंगावर घ्यायच्या, काही भिंतीवर लावायच्या. वर्षातला बराच काळ कापड करणाऱ्या दुसऱ्या माणसांच्या घरी जाऊन बसते. बहुतेक पत्रं या दोन गोष्टींभोवतीच आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

ताई, तुमचा रोजचा दिवस कसा असतो? कलाकार मनात येईल तेव्हाच कामाला बसतात का? (डोंबिवली)

नाही. माझा दिवस पाणी आणि ऊन ठरवतात. दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत रंगाचं काम. मंजिष्ठ रात्री भिजत घातलेली असते, ती पहाटे चुलीवर चढते. ती खळखळून उकळू द्यायची नाही, ६० ते ७० अंशांच्या आसपास ठेवायची. त्याच्या वर गेली की लाल रंगात तपकिरी उतरायला लागतो. त्यामुळे सकाळचे काही तास मी पातेल्यापासून हलत नाही. कापड सारखं वरखाली करत राहावं लागतं, नाहीतर घडी पडेल तिथे डाग धरतो.

दुपारी गल्लीतल्या तिघीचौघी येतात आणि पडवीत गोधडी पसरली जाते. तिथून दिवेलागणीपर्यंत टाके. रात्री मी शिवत नाही, कारण दिव्याखाली गडद कापडावरचा गडद दोरा दिसत नाही आणि टाक्याची चाल बिघडते. निजण्याआधी वही लिहिते. रंगवलेल्या प्रत्येक कापडाचा बोटभर तुकडा टाचणीनं लावायचा, शेजारी कापडाचं वजन, तुरटी किती, हिरडा किती, पाणी नदीचं की विहिरीचं. ही वही माझ्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे.

पावसाळ्यात वाईत कापड वाळत नाही. ते चार महिने फक्त सुई.

आईची सात-आठ नऊवारी लुगडी माझ्याकडे आहेत. ती कपाटात ठेवून कुजवायची नाहीत, स्वतःच्या हातानं गोधडी शिवायची आहे. कुठून सुरुवात करू? (मिरज)

तुमच्या पत्रानं मला फार बरं वाटलं. सविस्तर सांगते.

लुगडी आधी साध्या पाण्यात धुवून उन्हात वाळवा आणि एकेक करून खिडकीशी धरून बघा. विरलेला भाग लगेच दिसतो. तो फेकू नका, तो आतल्या थरात जाईल. धड राहिलेलं कापड वरच्या आणि खालच्या अंगाला. काठ वेगळे काढून ठेवा, कडेला लावायला त्यांच्यासारखं काही नाही. लुगडी सगळी सुती असतील तर उत्तम. मधेच एखादं पॉलिस्टरचं असेल तर बाजूला ठेवा, कारण धुतल्यावर सुती कापड आकसतं, पॉलिस्टर आकसत नाही आणि गोधडीला फुगे येतात.

फरशी पुसून खालचं कापड ताणून पसरा, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा. पाटा, वरवंटा, काहीही चालेल. त्यावर आतले थर, त्यावर वरचं कापड. दर थराला हातानं मधून कडेकडे सुरकुत्या काढायच्या. मग लांब लांब कच्चे टाके घालायचे, मधून सुरू करून कडेकडे. हे टाके नंतर उसवायचे आहेत, पण यांचा कंटाळा करू नका. पुढे गोधडी सरकते ती इथेच.

मग धावदोरा. दोरा जाड आणि सुती घ्या, त्यावर मेणाचा तुकडा फिरवा म्हणजे गुंतत नाही. हातभराहून लांब दोरा ओवू नका. गाठ थरांच्या आत ओढून घ्या. सुई एका वेळी तीन-चार टाके उचलून मग बाहेर काढायची. टाका किती मोठा असावा, असं तुम्ही विचारलं आहे. तांदळाच्या दाण्याएवढा पडला तर छान, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळे सारखे पडावेत. दोन ओळींत बोटाएवढं अंतर ठेवलं तर गोधडी मऊ राहते, दाट केलं तर ताठ आणि टिकाऊ होते. अंथरायची असेल तर दाट, पांघरायची असेल तर विरळ.

आणखी एक. आठही लुगडी एकाच गोधडीत घालू नका. चार-पाच थरांच्या पुढे हातानं सुई जात नाही, मनगट दुखावतं. दोन गोधड्या करा. एक बहिणीला द्या.

बेळगावजवळच्या सिद्दी बायकांच्या कवंदीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलं होतं. तुम्ही तिथे गेलात का? ती आपल्या गोधडीपेक्षा वेगळी कशी? (बेळगाव)

गेले, आणि शक्य होईल तेव्हा जाते. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या तालुक्यांत सिद्दींच्या वाड्या आहेत. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. अनेकांना पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्यात आणलं गेलं आणि तिथून निसटून ते घाटावरच्या जंगलात आले. घरात कोकणीच्या वळणाची बोली बोलतात, हल्याळकडे मराठीही चांगली चालते. त्यामुळे मला दुभाषा लागला नाही. हे भाग्य मला कच्छमध्ये मिळत नाही.

फरक सांगते. आपल्याकडे आधी थर, मग वरचं कापड, मग टाके. कवंदीत खाली एक जुनी साडी अंथरतात आणि कोपऱ्यातून सुरुवात करतात. हाताला येईल तो तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची आणि त्याच धावदोऱ्यानं खालच्या साडीला जोडत पुढे जायचं. जोडणं आणि शिवणं एकाच वेळी. कडेकडेनं गोल फिरत आत येतात आणि शेवट मध्यावर होतो. आधी आखणी नाही, कागद नाही, मोजपट्टी नाही. तरीही लाल तुकडा कुठे हवा हे त्या बाईला नेमकं कळलेलं असतं. मी तिच्या शेजारी बसून बघत होते. तिनं एक पिवळा तुकडा उचलला, ठेवला, परत उचलला, त्या जागी हिरवा ठेवला आणि पुढे गेली. मी विचारलं, पिवळा का नको? ती म्हणाली, इथे पिवळा लावला तर पलीकडचा पिवळा एकटा राहणार नाही. त्याला एकटाच राहायचंय.

हे रंगाचं शिक्षण आहे. चित्रकलेच्या वर्गात याला वर्षं लागतात.

कवंदी पुरी झाली की चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांचं फूल लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी, नागवी मानतात, आणि तशी ती देत नाहीत. तिथून आल्यापासून मीसुद्धा भिंतीवरच्या कामांत कडेकडून आत शिवत येते. कुणी त्याबद्दल विचारलं तर ही पद्धत सिद्दी बायकांची आहे, असं पहिल्या वाक्यात सांगते. प्रदर्शनाच्या पाटीवरही तेच लिहून घेते.

आम्ही मैत्रिणी हिवाळ्यात कच्छला जाणार आहोत. कोणती गावं बघू? आणि कारागिरांच्या घरी असं थेट गेलेलं चालतं का? (पुणे)

बांद्र्याहून भूजला रात्रीची गाडी आहे, सकाळी उतरता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. यादी लांब करू नका. मी दोनच गावं सांगेन, भुजोडी आणि अजरखपूर. दोन्ही भूजपासून जवळ आहेत, आणि प्रत्येक गावाला अख्खा दिवस द्या.

अजरखपूर हे नवं गाव आहे. अजरख, म्हणजे झाडपाल्याच्या रंगांत ठशांनी छापलेलं कापड, करणारी खत्री कुटुंबं मूळची धमडक्याची. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात ते गाव जमीनदोस्त झालं, आणि तिथलं पाणीही रंगकामाच्या उपयोगाचं राहिलं नाही. पाण्यात लोह वाढलं की लाल रंग मळकट होतो, हे मी माझ्या पातेल्यात पाहिलेलं आहे. म्हणून अनेक कुटुंबांनी मिळून नवी जमीन घेतली आणि कलेच्याच नावानं गाव वसवलं. पाण्यासाठी गाव हलवणारी ही माणसं आहेत, हे मनात ठेवून तिथे जा.

अजरखाचं काम बघताना घाई करू नका. कापड आधी धुवून त्यातली खळ काढतात, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, ते पिवळसर होतं. मग चुना आणि डिंकाच्या लेपानं रेघा छापतात. जिथे हा लेप बसला तिथे रंग धरत नाही, तिथलं पांढरं राहतं. काळ्यासाठी गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात घालून कित्येक दिवस आंबवतात आणि चिंचोक्याच्या पिठानं दाट करतात. लालासाठी तुरटी. तुरटी छापलेली जागा सुरुवातीला जवळजवळ दिसतच नाही. लाल रंगाच्या कढईत कापड गेलं की ती उठून येते. त्याआधी नीळ. प्रत्येक पायरीनंतर धुणं आणि वाळवणं. अस्सल कामात हे सगळं कापडाच्या दोन्ही बाजूंनी, ठशाला ठसा जुळवून करतात. माझ्या आवडीची जागा म्हणजे निळीचं टाकं. कापड हिरवं बाहेर येतं आणि हवा लागली की डोळ्यांसमोर निळं होत जातं. हे मी घरी सतत करते, तरी तिथे जाऊन परत बघत उभी राहते.

भुजोडीत वणकर आहेत, विणणारे. काला कॉटन नावाच्या देशी कापसाचं कापड मागून घ्या. हा कापूस पावसाच्या पाण्यावर येतो, धागा आखूड आणि जाडसर, पण धुतल्यावर अंगाला सुखावतो. कुकम्याच्या खमीर या संस्थेनं या कापसाला पुन्हा मागावर आणायला मोठं काम केलं आहे, तिथेही चक्कर मारा.

आता जाण्याबद्दल. आदल्या दिवशी फोन करून विचारावं. कामाच्या मधे जाऊन "जरा हे कसं करतात दाखवा" म्हणायचं नाही. लेप वाळत असतो, त्याला थांबता येत नाही. आधी बसावं, चहा येतो तो घ्यावा. फोटो विचारून काढावेत. ठशांची नक्षी जवळून टिपून नेऊ नये, ती कुणाच्या तरी आजोबांनी कोरून घेतलेली असते. आणि काहीतरी विकत घ्यावं, एक रुमाल का होईना. अर्धा दिवस एखाद्याचा घेतला, त्याच्याकडून सगळं ऐकलं आणि रिकाम्या हातानं निघालो, हे मला सहन होत नाही. दुकानात मिळणाऱ्या भावाशी तुलना तर त्याच्या तोंडावर अजिबात करू नये.

हातमागाची पैठणी ओळखायची कशी? (नाशिक)

पदर उलटा करून बघा. हातानं विणलेल्या पारंपरिक पैठणीत पदरावरचा मोर, कमळ, आसावली मागूनही जवळजवळ तशीच दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरताच जातो आणि शेजारच्या धाग्यात अडकून परत फिरतो. मागे लांब सुटलेल्या धाग्यांचं जाळं किंवा कापलेल्या धाग्यांची लव दिसली तर ती या पद्धतीची नव्हे.

तुम्ही नाशिकला आहात, येवला तुमच्या अंगणात आहे. तिथे विणकराच्या घरी जा आणि पदर मागावर असताना बघा. एका मोरासाठी किती कांड्या लोंबत असतात ते दिसेल. दिवसभरात पदर किती थोडा सरकतो तेही दिसेल, आणि मग किंमत ऐकताना मनात प्रश्न येणार नाही.

मी न्यू जर्सीत राहते. घरी खऱ्या निळीत कापड रंगवायचं आहे. रसायनांची भीती वाटते. (न्यू जर्सी)

साखरेची नीळ करा. प्रमाण सोपं आहे: एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फळांची साखर, म्हणजे फ्रुक्टोज. १० लिटर पाण्याला २० ग्रॅम नीळ, ४० ग्रॅम चुना, ६० ग्रॅम फ्रुक्टोज घेतलं तर मध्यम निळा रंग मिळतो. तुमच्याकडे काकडीच्या लोणच्यासाठी डब्यातला चुना विकतात, तो चालतो. गुळावरही होते, पण गूळ प्रत्येक वेळी वेगळा असतो, म्हणून पहिल्यांदा फ्रुक्टोज बरं.

नीळ थोड्या कोमट पाण्यात घोटून अगदी एकजीव करा. पाणी गरम घ्या, ५० अंश सेल्सियसच्या आसपास. त्यात साखर, मग नीळ, मग चुना हळूहळू. सावकाश ढवळा, बुडबुडे येऊ देऊ नका, झाकून ठेवा. तासा-दोन तासांनी वर तांब्यासारखी चकाकणारी साय दिसेल आणि खालचं पाणी पिवळसर हिरवं होईल. तेव्हा कापड ओलं करून, पिळून आत सोडा. तळाचा गाळ ढवळला जाऊ नये. काही मिनिटांनी काढा, हवेत धरा, पूर्ण निळं झालं की परत बुडवा. गडद रंग अनेक बुडव्यांनी येतो, जास्त वेळ आत ठेवून नाही. शेवटी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून धुवा, चुना निघून जातो.

चुना हाताला आणि डोळ्यांना भाजतो. हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा, आणि हे भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

मी बारावीत आहे. मला टेक्स्टाइल आर्टिस्ट व्हायचंय. घरचे म्हणतात हे शिवणकाम आहे, कला नाही. (कोल्हापूर)

तुझ्या घरच्यांना मृणालिनी मुखर्जींची शिल्पं दाखव. १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या या बाईंनी तागाच्या जातीच्या दोराला हातानं गाठी मारमारून माणसाहून उंच शिल्पं उभी केली. त्या २०१५ साली गेल्या आणि २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. मुंबईच्याच मोनिका कोरिया यांनी विणता विणता मधेच मागाची फणी, जी धागे सरळ धरते, ती काढून ताण्याच्या सरळ धाग्यांना लाटांसारखं वळू दिलं. आणि आपले प्रभाकर बरवे, ज्यांची चित्रं तू कुठे ना कुठे पाहिली असशील, त्यांनी कित्येक वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरी केली.

तरीही "शिवणकाम" हा शब्द कमी लेखून बोलू नकोस. तुझी आजी वाकळ शिवत असेल तर आधी तिच्याकडे बस आणि एक अख्खी वाकळ पुरी कर. शिक्षणासाठी मुंबईत जे. जे. आहे, अहमदाबादला एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, आहे, बडोद्याचं कलामहाविद्यालय आहे. चौकशी आत्ताच सुरू कर. अहमदाबादला गेलीस तर कॅलिको संग्रहालय बघच. तिथे आधी नोंदणी करावी लागते, ऐनवेळी आत सोडत नाहीत. पुण्यात केळकर संग्रहालयातली जुनी वस्त्रं पाहा. वही बरोबर ने आणि फोटोऐवजी रेखाटन कर. काढायला लागलं की टाका कुठून आत गेला आणि कुठे बाहेर आला, ते कळतं.

एका कामात हात पक्का होऊ दे. थोडं विणकाम, थोडी बाटिक, थोडं भरतकाम असं करत राहिलीस तर कशातच खोल उतरणार नाहीस.

तुमच्या गोधडीची किंमत ऐकून धक्का बसला. सोलापुरी चादर किती स्वस्त मिळते! (सोलापूर)

सोलापुरी चादर मला आवडते आणि माझ्या घरी ती रोजच्या वापरात आहे. ती यंत्रमागावर होते, दिवसात कितीतरी निघतात. दाट टाक्यांची मोठी गोधडी एका बाईला शिवायला महिना सहज लागतो. माझ्याबरोबर शिवणाऱ्या बायकांना मी नगावर पैसे देत नाही, दिवसावर देते, कारण नगावर दिले की टाका लांब पडतो आणि पाठ मोडते. त्यात रंग, तुरटी, सरपण आणि नासलेलं कापड धरा. गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव दोऱ्यानं घातलेलं असतं. घेणाऱ्याला कळायला हवं की हे कुणी केलं.

परवडत नसेल तर घेऊ नका, मनापासून सांगते. घरची जुनी लुगडी काढा. मिरजेच्या ताईंना दिलेलं उत्तर तुमच्यासाठीही आहे.

आजोबांचं घोंगडं आहे. कसर लागू नये म्हणून काय करू? (फलटण)

घोंगडं मळलं म्हणून गरम पाण्यात टाकू नका, लोकर आकसून घट्ट होईल. उन्हात टाकून काठीनं झटका, दोन्ही बाजूंनी. वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि होळीच्या सुमारास. ठेवताना स्वच्छ सुती कापडात गुंडाळून मधे कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. ओला नको, डाग पडतील. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. घोंगडं नवं असताना ताठ असतं ते त्यातल्या चिंचोक्याच्या खळीमुळे. तुमचं जुनं आहे, खळ कधीच निघून गेली असेल, म्हणून ते आता मऊ लागत असणार. आजोबांच्या वेळचे सनगर अजून तुमच्या बाजूला कुणी विणत असतील तर त्यांना एकदा ते दाखवा. कुठे विरलं असेल तर ते त्याच लोकरीच्या धाग्यानं रफू करून देतील. मला असं एक घर माहीत आहे. संपादकांकडे पत्र पाठवलंत तर पत्ता त्यांच्या परवानगीनं कळवीन.